झाड झकास, माती भिकार

मंगळवार पेठेत आमच्या परड्यात मोकळी जागा जेमतेम 4 फूट. जूनमध्ये नर्सरीतनं 150 रुपयांचा वासाचा गुलाबी गुलाब आणला. "कमरेच्या वर जात न्हाई, काकू," नर्सरीवाला म्हणाला. गेला नाही, खरंच. फूल दोन दिवसांत गळतं, पण वास! सकाळी मागचं दार उघडलं की आधी तोच आत येतो.

पिशवीतली माती मात्र नुसता चिकट गोळा. आपला पाऊस म्हणजे काय सांगायचं. पाणी तुंबलं, पानांवर काळे ठिपके आले, निम्मी गळाली. शेवटी वाळू-शेणखत घालून परत लावला, कलमाच्या गाठीखालनं आलेले रानटी फुटवे मोडले. दिवाळीला 11 फुलं! देवाला दोन, बाकी गुलकंदाच्या बरणीत. अजून एक आणणार, पिशवीतली माती तिथंच झाडून.