आईचा दम, चूल आणि मिरजेतलं हे चेस्ट क्लिनिक : ५ पैकी ४ स्टार

रिव्ह्यू टाकायला उशीरच झाला, आईला इथं आणून सहा महिने होत आले, पण लिहायचंच होतं कारण आमच्यासारखी घरं खूप आहेत. आम्ही जत तालुक्यातले, आईचं वय ६२. तीन-चार वर्षं झाली खोकला काही जात नव्हता, सकाळी उठली की तासभर खोकून खोकून पांढरा बेडका पडायचा तेव्हा कुठं छाती मोकळी व्हायची, थंडीत तर विचारू नका. दम नेमका कधीपासून लागतोय ते आम्हाला सांगताच येत नाही, कारण ती कधी दम लागतो म्हणालीच नाही, तिनं एकेक काम सोडत नेलं. आधी पाण्याची कळशी सोडली, मग रानात जायचं सोडलं, मग देवळाच्या पायऱ्या, आणि आम्ही म्हणत राहिलो की आता वय झालं.

दवाखाने काय कमी केले नाहीत. एका ठिकाणी तर दर महिन्याला खोकल्याची बाटली आणि एक इंजेक्शन, चार दिवस बरं वाटायचं की परत तेच. सगळीकडं एकच प्रश्न, बिडी-तंबाखू आहे का? नाही म्हटलं की विषय संपला.

इथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "मावशी, चुलीवर किती वर्षं स्वयंपाक केलाय?" आई म्हणाली, लग्नाच्या आधीपासून. मग चूल घरात का बाहेर, धूर जायला खिडकी आहे का, जाळायला काय वापरता, सगळं खोदून विचारलं. तुराट्या, शेणी, वेड्या बाभळीचं सरपण, पावसाळ्यात तर ओलं सरपण आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फुंकणी. गॅस २०१७ ला आला, पण अंघोळीचं पाणी तेव्हापण चुलीवरच तापत होतं, हे मला सांगताना लाज वाटली खरं. लहानपणी न्यूमोनिया झालेला का, टीबी झालेला का, खडी क्रशरवर किंवा धुळीत काम केलंय का, हेही विचारलं, कारण त्यानंही फुप्फुसं अशी खराब होतात म्हणे.

मग स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची टेस्ट. इथल्या टेस्ट घेणाऱ्या ताईंना माझ्याकडून वेगळे ५ स्टार. नाकाला चिमटा लावून नळीत जोरात फुंकायचं असतं, आईनं पहिल्यांदा फुंकणीत फुंकतात तसं थोडं थोडं फुंकलं. ताई म्हणाल्या, "मावशी, चूल पेटवायची नाही आपल्याला, पोटातली सगळी हवा एका दमात बाहेर काढायची, थांबायचं नाही, अजून, अजून, अजून!" तीनदा नीट जमेपर्यंत त्या जराही चिडल्या नाहीत. मग पंप (इन्हेलर) देऊन २० मिनिटं बसवलं आणि परत तेच. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती, याचं गुणोत्तर पंपानंतरही ०.७० च्या खाली राहिलं तर नळ्या कायमच्या आवळल्यात असं धरतात, आईचं ०.५८ आलं. या आजाराचं नाव सीओपीडी.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. धुरानं श्वासनळ्या वर्षानुवर्षं सुजत राहतात, आत कफ साठतो, आणि टोकाला जे हवेचे बारीक फुगे असतात त्यांच्या भिंती फाटून ते ढिले पडतात, त्यामुळं आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडतच नाही, जुनी हवा अडकून बसते मग नवीन घ्यायला जागाच उरत नाही. दम्याचा पेशंट मधल्या काळात बऱ्याचदा ठणठणीत असतो, यात तसं नसतं, दम हळूहळू वाढतच जातो. जे फुप्फुस गेलं ते परत येत नाही हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं, उगाच गोड बोलले नाहीत, पण धूर बंद केला आणि औषध नीट घेतलं तर पुढचं नुकसान कमी करता येतं.

इन्हेलरची सवय लागते म्हणून आई ऐकायलाच तयार नव्हती. डॉक्टर म्हणाले गोळीत औषध मिलिग्रॅममध्ये जातं, पंपात मायक्रोग्रॅममध्ये, आणि थेट छातीत जातं, तेव्हा पटलं. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून कसं ओढायचं ते तिच्याकडून चार वेळा करून घेतलं, नंतर चूळ भरायची तेही. फ्लू आणि न्यूमोनियाची लस दिली. बेडका पिवळा-हिरवा झाला, दम एकाएकी वाढला, ओठ निळसर दिसले किंवा पाय सुजले तर वाट न बघता यायचं हे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, तो कागद आम्ही कपाटाच्या दारावर चिकटवलाय.

एक स्टार का कापला? क्लिनिक पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दम लागणाऱ्या माणसाला २२ पायऱ्या चढवायच्या हे बरोबर नाही, आई तीनदा थांबली, दर वेळी पदर नीट करतेय असं दाखवत. निदान खाली एक खुर्ची तरी ठेवा. आणि अपॉइंटमेंट ११ ची असून नंबर दीडला लागला, जतची एसटी चुकली.

येणार असाल तर सकाळीच फोन करून विचारा की टेस्टच्या आधी पंप घ्यायचा का नाही, आणि जुने एक्स-रे बरोबर आणा. आमच्याकडं आता पाण्याला सोलर बसवलाय, चूल मागच्या अंगणात उलटी करून ठेवलीय. परवा फॉलोअपला आई त्याच पायऱ्या एकदाच थांबून चढली.