बेटकास्टर की स्पिनिंग? तलावावरच्या माणसाचा समुद्रावरचा आठ महिन्यांचा अनुभव

आधीच सांगतो, मी भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातला. नागपूर ते मुंबईच आठशे किलोमीटरच्या वर, आम्ही तर नागपूरच्याही पलीकडे. पण मोठा भाऊ रत्नागिरी जिल्ह्यात झेडपीचा शिक्षक आहे. त्यामुळे दिवाळीत आठ दिवस आणि मे महिन्यात पंधरा, एवढा समुद्र माझ्या वाट्याला येतो. बाकी वर्षभर गावचा मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणून मामा) आणि गळाला लागणारी मरळ.

बेटकास्टर, म्हणजे फेकताना ज्याचा स्पूल (लाइन गुंडाळलेली फिरकी) स्वतः फिरतो ते मासे धरायचं रीळ, माझ्याकडे जुनंच होतं. शिंगाड्याच्या वेलातून, बेशरमाच्या झुडपाखालून मरळ ओढून काढायला त्याच्यासारखं दुसरं रीळ नाही. अंगठा स्पूलवर असतो, रबरी बेडूक वीतभर मोकळ्या पाण्यात नेमका पाडता येतो. मग समुद्रावर हेच न्यायचं, वेगळा खर्च कशाला, असा माझा हिशेब.

तो पहिल्याच दुपारी चुकला. दुपारी खारे वारे सुटतात, वारा सरळ तोंडावर. बारा ग्रॅमचा ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, फेकला की वाऱ्याला अडून मंदावतो, स्पूल मात्र आपल्याच वेगात फिरत राहतो. सुटलेल्या लाइनला जायला वाट नाही, ती रिळावरच फुगते. ह्याला बॅकलॅश म्हणतात. मी सुगरणीचा खोपा म्हणतो. ब्रेक वाढवला, टेन्शनची नॉब आवळली, तर ल्यूर वीस पावलांवर पडायचा. मी खडकावर बसून नखाने एकेक फास सोडवतोय आणि वरून भाऊ म्हणतो, "काहून रे, मासे धरून राह्यला का सूत कातून राह्यला?"

पहाटे मतलई वारे पाठीमागून असताना तेच रीळ झकास चाललं, हेही खरं. पण मला उठायला सात वाजतात.

दोनच दिवसांत 4000 साइजचं स्पिनिंग रीळ घेतलं, आणि नऊ फुटी रॉडही. एकाचा रॉड दुसऱ्याला चालत नाही, हा खर्च आधीच धरा. स्पिनिंगमध्ये फेकताना स्पूल फिरतच नाही, लाइन वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटते. वारा असो नसो, खोपा नाही. नववीतला पुतण्या दहा मिनिटांत शिकला.

खोड एकच, पीळ. मासा लाइन ओढून नेत असताना आपण हँडल फिरवत बसलो तर लाइन आत येत नाही, नुसती पिळली जाते. 6.2:1 गिअर असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात सहा पीळ. मे महिन्यात खाडीत दीड किलोची तांबोशी लागली तेव्हा घाईत मी हेच केलं. मासा आला, पण पुढच्याच फेकीत रॉडच्या रिंगांमध्ये गाठ अडकली आणि पंचवीसेक हात लाइन कापावी लागली. आता ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक, ताणकाट्याने लावतो, मोहफुलं मोजायला घरी आहे तोच. 20 पौंडाच्या ब्रेडेड (विणलेल्या) लाइनला सव्वादोन-अडीच किलोवर सुटेल एवढा.

खरा मामला मिठाचा. दिवाळीहून परतताना बेटकास्टर न धुता बॅगेत कोंबलं होतं. खोक्यावर 'सॉल्टवॉटर' छापलेलं, दुकानदारानेही छातीठोक सांगितलेलं. घरी चौथ्या दिवशी हँडल फिरवलं तर जात्यावर भरड दळावी तसा आवाज. ओसरीत पेपर पसरून उघडलं. लाइन डावी-उजवी पसरवणारा जो मळसूत्री दांडा असतो, त्याच्या खाचेत पांढरे कण घट्ट बसले होते, एका बेअरिंगवर तांबूस गंज. कोमट पाणी, जुना टूथब्रश, तेल, सगळं झालं. बेअरिंग बदलावंच लागलं. तो दांडा उघडाच असतो, त्यामुळे खारं पाणी थेट तिथे पोचतं. स्पिनिंगमध्ये असा उघडा दांडा नाही, पण लाइन ज्यावरून वळते तो छोटा रोलर आधी कुरकुरतो. तिथे लक्ष ठेवा.

आता समुद्रावर असलो की रोज संध्याकाळी ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडतो. पाइप जोरात मारायचा नाही, मीठ आतच ढकललं जातं. पुसायचं, सावलीत वाळवायचं, मग ड्रॅग सैल.

माझ्यासारखं वर्षातून दोनदा किनाऱ्यावर जाणाऱ्याने डोळे मिटून स्पिनिंग घ्यावं. होडीतून जिग (धातूचं जड आमिष) सरळ खाली सोडायचा असेल तर बेटकास्टर उत्तम, तिथे फेकायचं नसतंच. नऊ फुटी रॉड मात्र दोन तुकड्यांचा घ्या. माझा रेल्वेत बर्थखाली कसाबसा मावतो, तरी एका आजोबांनी रात्रभर विचारलं, "हे त्रिशूळ आहे का जी?"

सध्या पाऊस आहे, तलाव भरलाय. बेटकास्टर रोज मरळीवर आहे. 4000 चं कपाटात, ड्रॅग सैल करून. परवा रोलरमध्ये तेलाचा एक थेंब सोडला.