एक लाखात बोर्डाचा धंदा: ब्रश, रेडियम, फ्लेक्स की एलईडी?

हातात लाखभर रुपये आहेत, कोल्हापुरातच राहून पाट्या-बोर्डांचं काम सुरू करायचंय, आणि भेटेल तो माणूस वेगळंच मशीन घ्यायला सांगतोय. अशा वेळी चारही रस्ते एकाच कामावर तपासून बघावेत. काम असं धरू: दुकानाचा ८ बाय ४ फुटांचा बोर्ड, मोठ्या अक्षरात एकच शब्द, 'ज्योतिर्लिंग', आणि खाली धंद्याचा प्रकार व फोन. शब्द मुद्दाम निवडलाय. 'र्लिं' या एका अक्षराच्या डोक्यावर ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघंही येऊन बसतात. बोर्डवाल्याची परीक्षा तिथंच होते.

शिवाय देवनागरी टाळून चालायचं नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली आहे, आणि पाटीवरची मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे ज्याला देवनागरी नीट बसवता येते त्याला काम आहे.

ब्रश

भांडवल सगळ्यात कमी. सपाट आणि गोल ब्रशांचा संच, इनॅमलचे पाच-सहा रंग, रेड ऑक्साईड (पत्र्याला गंज धरू नये म्हणून मारायचा पहिला हात), टर्पेंटाईन, पॉलिश पेपर, रेघा आखायला दोरी आणि नीळ. दहा-बारा हजारांत सगळं येतं, आणि त्यातही निम्मे पैसे चांगल्या शिडीत जातात.

२४ गेजचा लोखंडी पत्रा घासून, रेड ऑक्साईड मारून रात्रभर वाळवायचा. दुसऱ्या दिवशी पार्श्वभूमीच्या रंगाचे दोन पातळ हात, तिसऱ्या दिवशी अक्षरं. घाईत एकच जाड हात मारला की वरून वाळल्यासारखा दिसतो, आत ओला राहतो आणि उन्हात सुरकुततो. पत्रा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला असेल तर थेट रेड ऑक्साईड धरत नाही. जस्तावरून पापुद्रे सुटतात, म्हणून आधी वॉश प्रायमर (जस्ताला पकड देणारा पातळ हात) लागतो.

मापं घेताना आधी शिरोरेषा ठरवावी. आपल्या शब्दाची अक्षरं १४ इंच उंच धरली तर शब्द साधारण सहा फुटांत बसतो, दोन्ही बाजूंना फूटभर मोकळं राहतं. शिरोरेषेच्या वर निदान सहा इंच सोडावे लागतात. नवशिका चारच सोडतो, मग वेलांटी चेपते, रफार तिला चिकटतो आणि अनुस्वाराला जागाच उरत नाही. हाताने लिहिणाऱ्याला मात्र इथं मुभा आहे. तो वेलांटी थोडी पसरवून अनुस्वार तिच्या कुशीत बसवू शकतो. फॉन्टला ते जमत नाही.

अडचण दोनच. बाबूराव पेंटरांच्या गावात हात असलेली माणसं आजही आहेत, पण तुमचा हात आज नसेल तर तो सहा महिन्यांत येणार नाही. आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत भिंतीचं काम जवळपास बंद. दमट हवेत इनॅमलची चकाकी जाते, ओल धरलेल्या भिंतीवर रंग फुगतो.

रेडियम, म्हणजे कटिंग प्लॉटर

(चिकटपट्टीच्या या कागदात रेडियम नावालाही नसतं. रात्री चमकतो तो परावर्तक कागद आणि बाकीचं साधं व्हिनाईल. पण गिऱ्हाईक सगळ्यालाच रेडियम म्हणतं, तर आपणही तेच म्हणावं.)

प्लॉटर म्हणजे संगणकावरचं अक्षर या चिकट कागदात पात्याने कापणारं मशीन. दोन फुटी चिनी प्लॉटर साधारण २५ ते ३५ हजारांत येतो. सोबत जुना लॅपटॉप. आपला शब्द १४ इंचांचा आणि वर सहा, म्हणजे २० इंच. २४ इंची रोलवर दोन्ही कडा दाबणाऱ्या चाकांना सोडून साधारण २२ इंच वापरता येतात. म्हणजे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो.

पहिली चूक शिरोरेषेवर होते. फॉन्टमधली अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर थोडी चढलेली असतात. स्क्रीनवर ते दिसत नाही, पण प्लॉटर प्रत्येक अक्षराची कड स्वतंत्र कापतो आणि शिरोरेषेत दर अक्षराला उभी चीर पडते. पांढऱ्यावर लाल असेल तर ती चीर रस्त्यापलीकडून दिसते. उपाय: कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे कर्व्ह करून (म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून) सगळं वेल्ड, म्हणजे एकजीव करायचं. इंकस्केप फुकट आहे, त्यात यालाच युनियन म्हणतात. वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दिसतात त्या दृश्यात बघून शिरोरेषा एकसंध असल्याची खात्री झाल्यावरच कट द्यायचा.

दुसरी भानगड फॉन्टची. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवतं, तुमच्याकडे श्रीलिपीचे जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट, पेस्ट केलं की चिन्हांची खिचडी. कन्व्हर्टर वापरा किंवा सरळ युनिकोड फॉन्ट घ्या. मुक्ता आणि बलू हे दोन्ही मोफत आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. बलूचे फाटे (अक्षराच्या रेघा) जाड असल्याने सोलायला सोपा. कोरलची फार जुनी आवृत्ती असेल तर त्यात युनिकोडची जोडाक्षरं मोडतात.

पात्यांचा हिशेब: साध्या व्हिनाईलला ४५ अंशाचं, जाड परावर्तकाला ६० अंशाचं. पातं किती बाहेर काढायचं याचा नियम एकच. कापल्यावर खालच्या मेणकागदावर नखाला जेमतेम लागेल एवढाच ओरखडा हवा. कागद आरपार गेला तर सोलताना फाटतो, ओरखडाच नसेल तर कोपरे सुटत नाहीत. दर रंगाला, दर नव्या रोलला एक इंचाचा चौकोन कापून बघावा.

सहा फुटी लांब कटला रोल तिरका सरकतो. कागद लावल्यावर सहा फूट पुढे आणि सहा फूट मागे एकदा रिकामा चालवा. कड हलत असेल तर परत बसवा. लॅपटॉपची झोपण्याची सेटिंग बंद ठेवा, केबल लांबलचक नको आणि प्लगला अर्थिंग हवंच. कोरड्या दिवसांत स्थिर विजेमुळे मशीन अर्ध्यावर थांबतं, आणि दोष मशीनवर येतो.

सोलताना अनुस्वार हमखास हरवतो. टिंब बारीक असेल तर ते कचऱ्याबरोबर उचललं जातं, आणि बोर्डावर 'ज्योतिर्लिग' चढतं. बोर्ड लागल्यावर ही चूक पहिल्यांदा शेजारच्या दुकानदाराला दिसते. टिंब निवडून आधी बोटाने दाबून घ्या, मग आजूबाजूचं काढा. वरून ट्रान्सफर टेप (कापलेली अक्षरं उचलून बोर्डावर नेणारी चिकटपट्टी) फिरवण्याआधी शब्द मोठ्याने वाचा.

चिकटवायचं कशावर? बाहेर लावायला ३ मिमी एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमच्या दोन पातळ थरांमध्ये प्लास्टिक असलेला पत्रा. सनबोर्ड (पीव्हीसी फोमचा हलका तक्ता) उन्हात वाकतो, तो आतल्या पाट्यांना ठीक. नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर लगेच व्हिनाईल लावू नका. रंगातून निघणारा थिनर आत अडकून फुगे येतात, निदान आठवडा जाऊ द्या. लिटरभर पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब घालून पृष्ठभाग ओला केला की सहा फुटी शब्द सरकवून नेमका बसवता येतो. मग मधून कडेकडे पाणी काढत या. पावसाळ्यात हे पाणी सुकायला वेळ लागतो, बोर्ड एक रात्र घरातच आडवा ठेवावा.

बाहेरच्या कामाला पॉलिमेरिक व्हिनाईल घ्या. स्वस्तातलं मोनोमेरिक दोन-तीन वर्षांत आक्रसतं आणि अक्षराभोवती चिकट काळी कड दिसू लागते.

फ्लेक्स

मशीन घ्यायचा विचारच सोडा. दहा फुटी प्रिंटर लाखांत जातो, शाई आणि हेडचा खर्च वेगळा, आणि शहरात आधीच मशीनं भरपूर असल्याने चौरस फुटाचा दर घासून घासून खाली आलाय. तुम्ही डिझाईन करायचं, प्रिंट बाहेरून आणायची, फ्रेम आणि फिटिंग आपलं. खरा पैसा फ्रेमवर आणि फिटिंगवर आहे.

आपल्या बोर्डाला एक इंची चौकोनी पाईप, १८ गेज. ८ फुटांचे दोन आडवे, उभे चार. उभे आडव्यांच्या आत बसतात म्हणून ते ४ फुटांचे नव्हे, ३ फूट १० इंचांचे कापायचे. पाईप २० फुटी येतो. पहिल्यातून दोन आडवे आणि एक उभा, दोन इंच ब्लेडला उरतात. दुसऱ्यातून तीन उभे, आणि साडेआठ फुटांचा तुकडा पुढच्या बोर्डाला. नव्या माणसाने उभे ४ फुटी कापले तर बोर्ड दोन इंचांनी उंच होतो आणि प्रिंट अपुरी पडते. वजन नऊ किलोच्या आसपास, वेल्डिंग उद्यमनगरात करून घ्या. वेल्डरसुद्धा लगेच घ्यायचं कारण नाही.

प्रिंट देताना चारही बाजूंना तीन इंच जादा, मागे दुमडायला. फाईलमधला मजकूर कर्व्ह करूनच द्यायचा. नाहीतर प्रेसच्या संगणकावर फॉन्ट बदलतो आणि आपल्या शब्दातला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, तेव्हा कागद कुठला आहे ते विचारून घ्या.

वाढदिवसाच्या आणि मंडळांच्या फ्लेक्सचं काम भरपूर मिळतं, पण उधारीही तिथंच बुडते. गणपती झाले की फोन उचलणारा कोणी नसतो. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय प्रिंट टाकू नये. शिवाय परवानगी नसलेला फ्लेक्स महापालिकेने उतरवला की गिऱ्हाईक तुमच्याकडेच येतं. चौकातल्या फलकाची परवानगी कोण काढणार हे आधीच बोलून घ्यावं.

एलईडी अक्षरं

एका बोर्डामागे सगळ्यात जास्त सुटतात ते इथंच, आणि सगळ्यात जास्त तक्रारीही इथल्याच. ॲक्रिलिकची अक्षरं जॉबवर, म्हणजे मजुरी देऊन बाहेरून कापून मिळतात, एसीपी पॅनेलही. तुमचं काम जोडणी.

देवनागरीचा इथं एक फायदा होतो. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच डबा होतो, त्यामुळे वायरसाठी भोकं कमी. पण अनुस्वार सुटा. त्याला स्वतःचं मॉड्यूल (एलईडी दिव्यांचा छोटा तुकडा), स्वतःचं भोक. फाटा दीड इंचापेक्षा बारीक असेल तर मॉड्यूल बसवूनही उजेडाचे ठिपके दिसतात, म्हणून वेलांटी मुद्दाम जाड करून घ्यावी लागते.

हिशेब: १२ व्होल्टची ६० मॉड्यूलं, प्रत्येकी दीड वॅट, म्हणजे ९० वॅट. एसएमपीएसवर (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणाऱ्या डब्यावर) त्याच्या ताकदीच्या ८० टक्क्यांहून जास्त भार नको, म्हणून १० अँपिअरचा, १२० वॅटचा घ्या. एका माळेत वीस-पंचवीसपेक्षा जास्त मॉड्यूलं जोडली की शेवटची मंद पडतात, माळा वेगवेगळ्या काढा.

पहिल्या मोठ्या पावसात बंद पडतो तो बोर्ड बहुतेक वेळा एसएमपीएसमुळे. तो शक्यतो छज्जाखाली किंवा दुकानात ठेवा. वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. प्रत्येक अक्षराच्या तळाला ५ मिमीचं भोक ठेवा. आणि सिलिकॉन न्यूट्रलच. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, वर्षभरात जोड हिरवा पडतो.

लेझर मशीन? आज नको. आणि उद्या घेतलंत तरी त्यावर व्हिनाईल किंवा सनबोर्ड कापू नका. पीव्हीसी जळून निघणारा आम्लाचा वायू छातीत जातो आणि मशीनला गंजवतो.

मग निवड कोणती?

आमचं मत स्पष्ट आहे: प्लॉटर घ्या, फ्लेक्स आणि एलईडी जॉबवर करा. हात असेल तर ब्रश सोबत असू द्या. कारण प्लॉटरला दुकानाच्या बोर्डापलीकडचं गिऱ्हाईक मिळतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांना सुरक्षेच्या पाट्या सतत लागतात. निळी म्हणजे बंधनकारक, पिवळी धोक्याची, लाल मनाईची, हिरवी सुरक्षित मार्गाची. एकदा फाईली तयार केल्या की पुन्हा पुन्हा तेच काम येतं. फक्त फौंड्रीत भट्टीजवळ व्हिनाईल देऊ नका, उष्णतेने सुटतं, तिथं रंगवलेला पत्राच टिकतो. पैसे उशिरा येतात, म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) पहिल्या दिवशी करा. ती मोफत आहे, आणि ४५ दिवसांत पैसे मागायचा कायदेशीर आधार देते.

पुढे हीट प्रेस (कापडावर गरम दाबून चिकटवणारं मशीन) घेतली की पेठांतल्या फुटबॉल संघांच्या जर्सीवर नंबर आणि नावं याच प्लॉटरवर निघतात. त्यासाठी कापडाचं वेगळं व्हिनाईल लागतं, आणि उलटं कापायला विसरायचं नाही. गाड्यांच्या नंबरप्लेटच्या भरवशावर मात्र मशीन घेऊ नका. उच्च सुरक्षा प्लेट आल्यापासून ते काम अधिकृत एजन्सींकडे गेलंय.

लाखाची वाटणी, हजारांत, साधारण अशी: प्लॉटर ३०, लॅपटॉप २२, पाच रंगांचं दहा-दहा मीटर व्हिनाईल, टेप आणि पाती मिळून १२, एसीपी व सनबोर्ड ६, ड्रिल, लेव्हल व शिडी १०, ब्रश-रंग ४. उरलेले सोळा हजार हातात राहू द्या, पहिल्या दोन कारखान्यांचे पैसे यायच्या आत माल लागतोच. ५० मीटरचा अख्खा रोल सुरुवातीला फक्त पांढऱ्याचा घ्यावा. भाव तीन ठिकाणी विचारा. जागा भाड्याने घेणार असाल तर शाहूपुरीच्या सखल भागात २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारून घ्या, आणि रोल त्याच्या वरच्या फळीवर ठेवा.

फिटिंगला निघताना भिंत बघून फास्टनर न्या. काँक्रीटला अँकर फास्टनर, म्हणजे आवळला की भोकात फुगून बसणारा बोल्ट चालतो. महाद्वार रोडच्या जुन्या इमारतींत विटा चुन्यात बसवलेल्या असतात, तिथं अँकर आवळला की वीटच फुटते. अशा भिंतीला आरपार बोल्ट आणि आतल्या बाजूने पत्र्याची पट्टी लावा. आतल्या खोलीत जायची परवानगी दर सांगण्याआधी घ्या, शिडीवर चढल्यावर नव्हे.