सोलापूरच्या नवी पेठेतील चादरींचे दुकान: नैरोबीच्या सोयऱ्यांसाठी केलेली खरेदी

माझ्या भाच्याने नैरोबीतील किकुयू (केनियातील एक मोठा समाज) मुलीशी लग्न ठरवले, तेव्हा ताईने कित्येक महिने अबोला धरला होता. तिकडे मुलीच्या आजीलाही ‘म्हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी, जावई नको होता, हे आम्हांला मागाहून कळले. केनियाच्या २०१४ च्या विवाह कायद्याला हिंदू, नोंदणी आणि पारंपरिक असे सगळेच विवाह मान्य असले, तरी किकुयू घरांत खरी संमती ‘रुराशिओ’च्या, म्हणजे वधूमूल्य ठरवण्याच्या, बैठकीत मिळते, जिथे वरपक्षाने बकऱ्या (हल्ली बहुधा त्यांचे मोल रोखीने) आणि वडीलधाऱ्यांसाठी ब्लँकेट द्यायची रीत आहे. मग सोलापूरकरांनी दुसरीकडे कशाला पाहावे?

दुकानदारांनी हे सारे ऐकून घेतले, तासभर घड्या उलगडल्या आणि जुलैत नैरोबीला चांगली थंडी असते हे कळल्यावर पातळ माल स्वतःहून बाजूला सारला. आठ जकार्ड चादरी घेतल्या. वीण घट्ट आहे, दोन्ही बाजू वापरता येतात. मात्र गठ्ठ्याची बांधणी अगदीच ढिसाळ होती, आणि एका चादरीची किनार उसवलेली निघाली. ती बदलून देताना त्यांनी पावतीवरून उगाच वाद घातला.

मोरांची लाल चादर आजींनी बैठकीतच खांद्यावर घेतली. ताईने तो फोटो गल्लीभर दाखवला. तिच्या सुनेसाठी इरकल घ्यायला पुन्हा याच दुकानात जाणार आहे, पण पावती जपून ठेवीन.