टर्बो गेला सांगून ५४ हजार घेतले, फाटला होता फक्त होज पाइप

ज्यांची टर्बो डिझेल गाडी वॉरंटीच्या बाहेर गेलीये आणि शोरूमचं बिल झेपत नाही म्हणून जे बाहेरच्या गॅरेजला गाडी टाकतात त्यांनी हे वाचाच. गॅरेजचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. पण जी ट्रिक माझ्यावर वापरली ती इतकी सोपी आहे की कुठल्याही गावात कुणीही वापरू शकतो.

माझी २०१७ ची सात सीटर, दीड लिटर टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा). पुण्याहून कराडला येताना खंबाटकी घाट चढायला लागलो आणि गाडी ओढेचना, अॅक्सिलरेटर तळाला टेकवला तरी तिसऱ्या गिअरमध्ये रडतीये, मागे काळा धूर, आणि बोनेटखालून फुस्स करत शिट्टी वाजल्याचा आवाज. हा आवाज फक्त लोडवर, म्हणजे इंजिनाला जोर लागला की यायचा, उभ्या गाडीत रेस केली की काहीच नाही. इंजिन लाइट लागली ती लागलीच. घरी पोचल्यावर दाजींच्या ओळखीने हायवेजवळच्या एका गॅरेजला गाडी दिली.

त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला पी०२९९. फोरमनने लगेच मान हलवली. "दादा, टर्बो गेला. हा कोड टर्बोचाच असतो." मग पुढचा बंपर खोलला, इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप काढला, आत बोट फिरवलं आणि तेलाने काळं झालेलं बोट माझ्यापुढे धरलं. "बघा, टर्बो ऑइल मारतोय. इंटरकूलर पण जाम झालाय, असंच चालवलं तर इंजिन बसेल." वर एका फडक्यावर घट्ट डांबरासारखा कार्बनचा गोळा दाखवला, म्हणे हे इंटरकूलरमधून निघालं. शेजारी एक जुना टर्बो ठेवलेला, त्याचा शाफ्ट लटलट हलत होता, "हा तुमचाच, आत्ता काढला". आता हे सगळं डोळ्यासमोर दाखवल्यावर माणूस काय म्हणणार? टर्बो ३८ हजार, इंटरकूलर साडेचौदा, लेबर साडेचार, असं ५७ सांगून ५४ ला तोडलं. बिल कच्चं, कारण "जीएसटी लावला तर शेठ तुम्हालाच जड जाईल". पैसे यूपीआयने दिले, ते एक बरं झालं.

गाडी दिली तेव्हा चालायला मस्त होती. काही दिवस. मग तोच आवाज, तोच धूर, अॅव्हरेज पण पडलं. त्यांना फोन केला तर "डिझेलमध्ये पाणी असेल, पंप बदला". तेव्हा मी सांगलीकडच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली, ट्रक आणि ट्रॅक्टरवर आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी आधी काही खोललंच नाही, मला बाजूला बसवून इंटरकूलर समजावला. तो इथे टाकतो, कारण हे माहीत असलं की निम्म्या थापा जागेवर पकडता येतात.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम गॅसवर फिरणारा पंखा, मिनिटाला लाखाच्या वर चकरा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. पण हवा दाबली की तापते, सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो तसंच, आणि इथे ती १२०-१५० डिग्रीपर्यंत जाऊ शकते. गरम हवा विरळ, म्हणजे एवढं दाबून फायदा काय? म्हणून मधे इंटरकूलर. बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे किंवा बाजूला अॅल्युमिनियमची जाळी, दोन्ही टोकांना बहुतेक प्लास्टिकच्या टाक्या, आतून टर्बोची गरम हवा जाते आणि बाहेरून गाडीच्या वेगाचा वारा. जुन्या फॉर्च्युनरच्या बोनेटवर जे तोंड असायचं ते याच कामाचं, तिथे इंटरकूलर इंजिनाच्या वर असायचा. १३० ची हवा ५५ वर आली की तेवढ्याच दाबात तेवढ्याच जागेत बावीस-तेवीस टक्के जास्त हवा मावते, म्हणजे तेवढं डिझेल नीट जळतं. पेट्रोल टर्बोत अजून एक भानगड, गरम हवेने नॉकिंग होतं (पेट्रोल अवेळी पेटून ठोके बसतात) म्हणून कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे घेतो आणि पिकअप मरतो. आणि बाहेरच्या हवेपेक्षा थंड काही इंटरकूलर करू शकत नाही, विदर्भात मे महिन्यात दुपारी गाडी थोडी सुस्त वाटते त्यात त्याचा काही दोष नाही.

आता मुद्द्याचं. इंजिनाच्या क्रँककेसमधली (खालच्या पेटीतली) तेलाची वाफ ब्रीदर पाइपने टर्बोच्या आधीच हवेत सोडलेली असते. त्यामुळे इंटरकूलरच्या पाइपमध्ये आतून तेलकट थर असणं नॉर्मल आहे. लाखभर किलोमीटर चाललेल्या कुठल्याही डिझेलचा पाइप काढून बोट फिरवा, बोट काळं होणारच. वाटीभर तेल खाली सांडलं, निळा धूर येतोय, डिपस्टिकवर ऑइल उतरतंय, तर टर्बोच्या सीलवर शंका घ्यायची. नुसत्या बोटावरून नाही. आणि तो कार्बनचा गोळा? माझ्या इंजिनात ईजीआरची (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी इंटरकूलरच्या पुढे, मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपजवळ) येऊन मिळते. ती उलटी इंटरकूलरमध्ये जाईल कशी? गोळा एकतर मॅनिफोल्डमधून खरवडलेला किंवा दुसऱ्याच गाडीचा.

पी०२९९ चा अर्थ पण टर्बो गेला असा नाहीच, मागितला तेवढा बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) मिळत नाही एवढाच आहे. होज फाटला, क्लॅम्प ढिला झाला, कनेक्टरची ओ-रिंग गेली, प्लास्टिकची टाकी जिथे जाळीला दाबून बसवलेली असते तिथून लीक, दगड लागून जाळीला भोक, टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या अॅक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी तुटली, यातल्या कशानेही तोच कोड येतो. काळा धूर का, तेही त्यांनी सांगितलं. हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी बसतो, टर्बोच्या आधी. तिथे मोजलेली हवा पुढे फाटक्या पाइपमधून उडून जाते, कॉम्प्युटरला वाटतं सगळी इंजिनात गेली, तो त्या हिशोबाने डिझेल सोडतो आणि ते अर्धवट जळतं.

मग त्यांनी स्मोक टेस्ट लावली. एअर फिल्टरचा पाइप बंद करून आत धूर सोडला, आणि बॅटरीच्या ट्रेखालून धूर वर आला. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा होज, वळणाच्या आतल्या बाजूला चीर, वरून बघून दिसतच नाही, हात घालावा लागतो. होज बाहेर काढला आणि मिस्त्री हसायलाच लागले. चिरेवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, वरून दोन प्लास्टिक टाय. तेलाने आणि उष्णतेने गोंद सुटून टेप घसरलेली. म्हणजे पहिल्या गॅरेजवाल्याला लीक कुठे आहे ते पक्कं माहीत होतं! टेप लावली म्हणून गाडी चार दिवस पळाली, आणि मला वाटलं नव्या टर्बोची कमाल.

पण टर्बो नवा होता का? मिस्त्रींनी टॉर्च मारून मला आत बघायला लावलं. एक्झॉस्ट बाजूच्या नटांवर जुना तांबूस गंज जसाच्या तसा, पान्याची खूण नाही, गॅस्केटही जुनंच. हे नट सोडवल्याशिवाय टर्बो निघतच नाही. बाहेरून दिसणारं अॅल्युमिनियमचं घर तेवढं स्प्रे मारून चकचकीत केलेलं. शाफ्टला हाताने हलवून बघितलं, मागेपुढे अजिबात नाही, बाजूला किंचित, म्हणजे टर्बो ठणठणीत. तो लटलट हलणारा कुणाचा होता देव जाणे.

इंटरकूलर मात्र खरंच बदललेला होता, आणि हे मला जास्त लागलं. प्लास्टिकच्या टाकीवर नीट बघा, एक छोटं गोल असतं, कडेने महिने, मधे बाण आणि वर्षाचे दोन आकडे. साच्यात ओतल्याची तारीख. माझ्या "नव्या" इंटरकूलरवर १४ होते. गाडी २०१७ ची, पार्ट २०१४ चा! भंगारातला काढून, वाकलेल्या फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) सरळ करून काळा रंग मारलेला, एका कोपऱ्यात एम-सील. माझा चांगला इंटरकूलर काढून घेऊन हा बसवला. जाळीला रंगाचा जाड थर दिला की उष्णता पण नीट जात नाही ते वेगळंच.

नवा होज २३०० आणि टेस्टचे ८०० घेतले मिस्त्रींनी. गाडी तेव्हापासून घाटात चौथ्यात चढते.

तुमच्यावर अशी वेळ आली तर आधी स्मोक किंवा प्रेशर टेस्ट मागा, "आमच्याकडे मशीन नाही" म्हणाले तर एक-दीड बारचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी मारलं तरी बुडबुडे दिसतात, तेही करायला नकार दिला तर गाडी उचला. खोलायच्या आधी टर्बोवरच्या नंबरप्लेटचा आणि इंटरकूलरच्या त्या गोलाचा मोबाइलवर फोटो काढा, जुने पार्ट घरी न्या, आणि नवा पार्ट बॉक्ससकट बघितल्याशिवाय बसवू देऊ नका. साध्या इंटरकूलरमध्ये पाणी नसतं, फक्त हवा, त्यामुळे "इंटरकूलरमधून कूलंट गळतंय" हे ऐकलं तर अजिबात भुलू नका, पाण्यावर थंड होणारे असतात पण थोड्याच गाड्यांना. आणि "इंटरकूलर केमिकल वॉश" नावाचं पॅकेज दर सर्व्हिसला कोण विकत असेल तर सरळ नाही म्हणा, बाहेरून चिखल बसला असेल तर कमी प्रेशरचं पाणी पुरतं, जोराचा फवारा मारला तर फिन वाकतात.

होज, टेप, नटांचे फोटो घेऊन मी परत गेलो तेव्हा मालक म्हणाला कच्च्या बिलावर गॅरंटी नसते. मग ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवली, यूपीआयचा स्क्रीनशॉट जोडला, मिस्त्रींनी काय सापडलं ते लिहून सही करून दिलं. त्यानंतर त्याने ३० हजार परत केले, "आता विषय संपवा दादा" म्हणत. माझा इंटरकूलर काही दिला नाही, विकला म्हणे. उरलेल्या पैशासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतोय, पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला तिथे फी नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. गाडीत सध्या तोच २०१४ चा बसलाय, ओरिजिनल मागवलाय, आला की हा काढून अर्जासोबत पुरावा म्हणून ठेवणार.