चॅनेल विचारल्यावर वॅट सांगणाऱ्या साउंडवाल्यापासून सावध राहा

नवरात्राच्या सुपाऱ्या आतापासून ठरू लागल्या आहेत, म्हणून हे आत्ताच लिहितो. आमचे ६९,३०० रुपये बुडाले. ऑर्केस्ट्रा, भीमगीतांची पार्टी, भजनी मंडळ, जे काही चालवत असाल, त्यांनी पूर्ण वाचा. मंडळवाल्यांनीही वाचा, कारण आवाज बिघडला की शिव्या कलाकाराला पडतात, साउंडवाल्याला नाही.

आमची पार्टी वर्धा-यवतमाळच्या पट्ट्यात फिरते. जयंतीचे कार्यक्रम आमच्याकडे १४ एप्रिललाच संपत नाहीत, पुढे महिनाभर गावोगावी चालतात. अशाच एका गावची ७५,००० ची सुपारी होती, साउंड आमच्याकडे. नेहमीचा बिछायत केंद्रवाला लग्नसराईत अडकलेला. त्याच्याच ओळखीतून दुसऱ्याचा नंबर मिळाला. हे मुद्दाम सांगतो, कारण आता जो तो म्हणतो की अनोळखी माणसाला पैसे दिलेच कसे. अनोळखी नव्हता, ओळखीतून आलेला होता.

३२,००० ठरले. २४ चॅनेलचा मिक्सर (म्हणजे २४ माइक-वाद्यांचे आवाज वेगवेगळे धरता येतील असा), ४ स्टेज मॉनिटर (स्टेजवरच्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर), ढोलक-तबल्याला वेगळे माइक, कीबोर्डला डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज खरखर न येता थेट मिक्सरला नेणारी छोटी डबी), स्वतःचा जनरेटर आणि लाइव्ह कार्यक्रम केलेला ऑपरेटर. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, ट्रसला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, टांगलेली लाइन अ‍ॅरे (एकाखाली एक लावलेले स्पीकर), खाली बेसची रांग. २०,००० फोनपेवर टाकले.

आता ते फोनवरचं बोलणं. ते आठवलं की अजून रात्री झोप उडते. मी विचारलं, "मॉनिटर कसे लावता? गायिकेला वेगळा आणि ढोलकवाल्याला वेगळा लागतो." उत्तर आलं, "भाऊ, तुमी टेन्शनच नका घेऊ. वीस हजार वॅट लावून देतो, बाजूच्या गावाले आयकू जाईन." मी चॅनेल विचारले तर म्हणे, "छाती हालली पायजे ना? हालते!" मी चॅनेल विचारतोय आणि हा वॅट सांगतोय. या धंद्यातल्या माणसाला तिथेच कळायला हवं. डीजेला लॅपटॉपमधून तयार गाणं येतं, दोन वायरी लावल्या की काम झालं. बँडमध्ये प्रत्येक गळा, प्रत्येक वाद्य वेगळ्या चॅनेलला येतं, प्रत्येकाचा गेन, म्हणजे मिक्सरमध्ये आवाज किती घ्यायचा ते, वेगळा धरावा लागतो. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मॉनिटरमधूनच ऐकू येतो, तो नसेल तर भल्याभल्यांचा सूर सुटतो. ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला वॅट हेच उत्तर आहे, त्याच्याकडे फक्त डीजेचे डबे असतात. पण कार्यक्रम तोंडावर, मंडळाचे फोनवर फोन, लग्नसराईत दुसरा सेट मिळत नाही. माझ्या जागी कोणीही असता तरी तेच केलं असतं.

साडेचारला येणारी गाडी सव्वासातला आली. दोन टॉप (गळ्याचा आवाज देणारे वरचे डबे), चार बेस, १२ चॅनेलचा मिक्सर आणि त्यातले चालू सात. मॉनिटर एकही नाही. जनरेटर नाही. सोबत एक पोरगा, त्याने डीआय बॉक्स हे नावच पहिल्यांदा ऐकलं. मालक "मागून येऊन रायले." टॉप स्टेजच्या मागच्या बाजूला लावले, म्हणजे माइकचं तोंड थेट डब्याकडे. शिट्टी वाजणार नाही तर काय होणार? मी हलवायला सांगितलं तर वायर पुरत नाही म्हणे. वायर पुरली ती फक्त विजेच्या खांबापर्यंत, सरळ आकडा. मी अडवलं, तर "सगळेच घेतात भाऊ".

साउंड चेक झालाच नाही. गेन पूर्ण चढवलेला, मिक्सरचा लाल दिवा विझतच नव्हता. शिट्टी आली की पोरगा गायिकेचा आवाज पाडायचा आणि बेस वाढवायचा. आमची गायिका स्वतःचा एक शब्द ऐकू न येता गात राहिली. लोकांना वाटलं तिलाच गाता येत नाही. पैसे एकीकडे, हे मी त्याला माफ करणार नाही.

नऊच्या सुमारास मालक आला. ऐन रंगात आलेल्या गाण्यात त्याने मास्टर, म्हणजे सगळ्या आवाजाचं मुख्य बटण, खाली ओढला. "बाकीचे बारा हजार आन डिझलचे साडेचार हजार आता टाका, नाईतर गाडी भरतो." जनरेटर आणलाच नाही, डिझेल कशाचं? पण समोर अख्खं गाव, म्हातारी माणसं, बाबासाहेबांची प्रतिमा. जयंतीचा कार्यक्रम अर्ध्यावर टाकून जाणारी पार्टी ही ओळख मला नको होती. १६,५०० टाकले.

थोड्याच वेळात दिवे भपकन प्रखर झाले आणि कीबोर्डच्या अ‍ॅडॉप्टरमधून धूर निघाला. दुरुस्तीवाला म्हणाला, न्यूट्रल ढिला असणार, अशा वेळी २३० च्या जागी कितीही व्होल्ट येतात. दुरुस्तीचे ७,८०० गेले. दहाला पोलीस आले आणि कार्यक्रम बंद केला. मंडळाने मानधनातून २५,००० कापले. त्यांना मी दोष देत नाही.

दोष कोणाला देतो ते सांगतो. ठाण्यात गेलो तर, "पैसे तुमी सोताहून टाकले ना? मंग फसवणूक कशी? हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." फोटो दाखवला. तो दुसऱ्याच सेटचा निघाला होता, मूळ मालकाने मला तसं लेखी दिलं. सुरुवातीपासून खोटं दाखवून पैसे काढले, यालाच भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक म्हणतात. कागदाकडे पाहिलंही नाही. उलट विचारलं, आकडा कोणाच्या कार्यक्रमात टाकला? वीजचोरीचा गुन्हा आधी तुमच्यावर लागेल. म्हणजे ज्याने आकडा टाकला तो घरी आणि ज्याचा कीबोर्ड जळला तो आरोपी! अर्जावर पोच द्यायलाही तयार नव्हते, वाद घालून शिक्का घेतला. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच केला. एका कचेरीतल्या बाबूने तर ऐकायच्या आधीच सांगितलं, "तुम्ही सुपाऱ्या घेता, धंदा करता, तुम्ही ग्राहक नाही." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाराही ग्राहक ठरू शकतो. हे मी त्याला दाखवायचं? मग त्याला पगार कशाचा मिळतो? खुर्चीवरचा प्रत्येक जण फक्त पुढच्या खुर्चीकडे बोट दाखवतो, आणि हे फसवणाऱ्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

ठाण्याने नोंद घेतली नाही तर थेट पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची. अ‍ॅडव्हान्स चौथ्या हिश्शापेक्षा जास्त देऊ नका. फोटो नको, त्याच्या चालू कार्यक्रमात जाऊन ऐका. डीआय बॉक्स म्हणजे काय, एवढं फोनवर विचारा. सामानाची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "मान्य" असं लिहून घ्या, आणि बाकीची रक्कम कार्यक्रम संपल्यावर, मंडळाच्या माणसासमोर द्यायची, हेही त्यातच लिहा. स्टेजवर चढण्याआधी जनरेटर चालू करून बघा. खांबावर वायर चढताना दिसली की वाद्यं पेटीतून काढूच नका. परवानगीत दहाची वेळ असेल तर दहालाच बंद होणार, ती रात्री बाराची सवलत वर्षातल्या ठरावीक दिवसांनाच असते, म्हणून उशिरा येणाऱ्याचे तासाप्रमाणे पैसे कापण्याची अट टाका.

आयोगाकडचा माझा अर्ज तयार आहे, मूळ फोटोवाल्याचं पत्र सोबत जोडलं आहे. तोच ट्रसचा फोटो या भागात आणखी कोणाला आला असेल, तर ते चॅट डिलीट करू नका. तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा, दुसरा तक्रारदार मिळाला तर ठाण्याला हा दिवाणी मामला म्हणता येणार नाही.