एसपीटी की सीपीटी? ढिल्या वाळूवर बांधणाऱ्यांसाठी

कांडला-गांधीधामच्या बाजूला गोदाम बांधायचं म्हटलं की 26 जानेवारी 2001 ची आठवण कोणी ना कोणी काढतंच. कच्छच्या रणात जागोजाग वाळूमिश्रित पाणी जमिनीतून उसळलं होतं, चांग धरणाचा भराव पायाखालची माती सैल होऊन खचला होता. तेव्हा द्रवीकरणाची, म्हणजे भूकंपाच्या हादऱ्यात पाण्यानं भरलेली ढिली वाळू द्रवासारखी वागेल का याची, तपासणी करायची का, हा प्रश्नच उरत नाही. बोअर मारून एसपीटी घ्यायची (नळी ठरावीक अंतर मातीत जायला हातोड्याचे किती ठोके लागतात ते मोजायचं) की टोकदार कोन जमिनीत ढकलून सीपीटी (माती त्याला किती विरोध करते ते मोजायचं), एवढंच ठरवायचं.

एसपीटीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. तिपाई आणि माणसं कुठेही मिळतात, दर परवडतो, माती प्रत्यक्ष हातात येते. 1964 च्या जपानमधल्या निगाता भूकंपानंतर सीड आणि इद्रिस या संशोधकांच्या कामातून द्रवीकरणाचा अंदाज घ्यायची जी सोपी पद्धत रुळली, ती मुख्यतः याच ठोक्यांवर उभी राहिली.

माझं मन उडालं ते हातोड्यामुळे. 63.5 किलोचं वजन 75 सेंमीवरून मोकळं पडायला हवं. प्रत्यक्षात विंचच्या ड्रमवर दोराचे वेढे घालून एक माणूस ते खेचतो आणि अंदाजानं सोडतो. सकाळी पुरतं उचलतो. ऊन चढलं की हात आखडतो. दोर ड्रमवर घासला की वजन अडखळतच खाली येतं. ठोका कमजोर, म्हणून तेवढंच अंतर जायला ठोके जास्त, म्हणून एन व्हॅल्यू (हीच ठोक्यांची संख्या) चढी, आणि माती आहे त्याहून घट्ट दिसते! चूक नेमकी धोक्याच्या बाजूला. हिशोब वजनाची 60 टक्के ऊर्जा नळीपर्यंत पोचते असं धरून केलेला. खरी 45 टक्केच पोचत असेल, तर 16 चा एन दुरुस्तीनंतर 12 होतो. पाण्याखालच्या बारीक वाळूत स्टोन कॉलम (जमीन घट्ट करणारे खडीचे खांब) घालायचे की नाही, हे या चार ठोक्यांवर फिरू शकतं. ऊर्जा मोजता येते, पण मी पाहिलेल्या साइट्सवर ती मोजताना कोणी दिसलं नाही. रिपोर्टात दुरुस्तीचा आकडा मात्र झोकात छापलेला असतो.

सीपीटीत दोर ओढणारा हातच नाही. कोन सेकंदाला 2 सेंमी या वेगानं खाली जातो आणि नोंद जवळजवळ सलग होते. दीड-दीड मीटरवर घेतलेल्या एसपीटीतून निसटणारा हातभर ढिला थर आलेखात लगेच दिसतो. नमुना मिळत नाही, हे खरं. गोटे लागले की कोन अडतो, आणि गाडी लांबून मागवावी लागली तर भाडं झोंबतं.

जागा गोट्यांची, मुरमाड असेल तर बोअरच बरं. बाकी ठिकाणी, मला विचाराल तर, पैसे कोनावर घाला आणि त्याच्या शेजारी एखादं बोअर नमुन्यांसाठी ठेवा. तेही कोन झाल्यावर. कुठल्या खोलीची माती लॅबला पाठवायची, हे तोवर आलेखावरून कळलेलं असतं.